कोयनेचा धडा गवंड्याच्या हाती

कोयनानगरच्या आसपास घर बांधायचं तर पाऊस आणि भूकंप धरूनच बांधावं लागतं. इथल्या पाणलोटात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जून उजाडला की उघड्यावरचं काम थांबतं आणि ते पुन्हा जोमानं सुरू व्हायला दिवाळी यावी लागते. भूकंपाचं म्हणाल तर 1967 च्या मोठ्या भूकंपानंतर ही जमीन पुरती शांत अशी झालेलीच नाही. लहानमोठे धक्के अधूनमधून चालूच असतात. अशा मुलखात घर कसं बांधावं हे पुस्तकांत सविस्तर लिहिलेलं आहे. पण खेड्यातलं घर पुस्तकावरून उभं राहत नाही. आर्किटेक्ट तिथे नसतोच, इंजिनिअर असला तर मंजुरीच्या नकाशापुरता. पाया किती खोल घ्यायचा, भिंत किती रुंद धरायची, माल किती पातळ कालवायचा, रिंगा किती अंतरावर बांधायच्या, हे सगळं गवंडी ठरवतो. घरात झोपणाऱ्यांचा जीव ज्याच्या कामावर अवलंबून आहे तो माणूस हे काम शिकला कुठे आणि कोणाकडून, हा प्रश्न निदान कोयनेत तरी प्रत्येकाला पडायला हवा.

तो शिकतो पाहून. गावातल्या किंवा नात्यातल्या एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली पोरगा बिगारी म्हणून लागतो. वर्ष-दोन वर्षं घमेली उचलतो, माल कालवतो, विटा भिजवतो. मिस्त्री जेवायला बसला की त्याची करणी हातात घेऊन दोन विटा लावून बघतो. मिस्त्रीच्या नजरेत भरला तर हळूहळू सूत धरायला मिळतं, मग ओळंबा, मग गुण्या, आणि एक दिवस भिंतीचा कोपरा त्याच्या हवाली होतो. कोपरा ज्याला जमला तो गवंडी. या शिक्षणाला मी कमी लेखणार नाही. हाताला वजन कळणं आणि डोळ्याला ओळंबा कळणं कुठल्याही वर्गात शिकवून येत नाही. पण या पद्धतीत मिस्त्रीचं कसब जसं पुढच्या पिढीकडे जातं, तशा त्याच्या चुकाही जातात. ‘असंच करायचं’ एवढं कळतं, ‘का करायचं’ ते कोणी सांगत नाही. आणि भूकंप ही अशी गोष्ट आहे की चुकीचं बांधलेलं घर तीस वर्षं उत्तम उभं राहतं आणि तिसाव्या वर्षी काही सेकंदांत कोसळतं. बांधणाऱ्याला आपली चूक कळण्याची संधीच मिळत नाही. म्हणून निव्वळ अनुभवातून भूकंपाचं बांधकाम शिकता येत नाही, ते शिकवावंच लागतं.

कोयनेनं हे देशाला फार मोठी किंमत मोजून शिकवलं. कोयना धरणाचं काम 1954 च्या सुमारास सुरू झालं आणि साठच्या दशकाच्या पूर्वार्धात संपलं. 103 मीटर उंच आणि 807 मीटर लांब असलेलं हे धरण डबर-काँक्रीटचं आहे. म्हणजे काँक्रीटचा थर टाकायचा, तो ओला असतानाच त्यात धुऊन स्वच्छ केलेले मोठमोठे दगड रोवायचे, व्हायब्रेटरनं दाबून काँक्रीट दगडाभोवती नीट बसवायचं, आणि मग पुढचा थर. यात सिमेंट वाचतं. शिवाय सिमेंट आवळताना जी उष्णता निघते ती कमी होते, त्यामुळे एवढ्या अवाढव्य वस्तुमानाला तडे जाण्याचा धोका घटतो. सह्याद्रीत काळा पाषाण मुबलक आणि दगडावर काम करणारे हातही मुबलक, म्हणून ही पद्धत इथे शोभली. दगडाला माती चिकटलेली राहिली किंवा दोन दगड एकमेकांना टेकले की आत पोकळी राहते. म्हणजे धरणाची मजबुती शेवटी दगड धुणाऱ्या आणि रोवणाऱ्या मजुरांच्या काळजीवर होती. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या हजारो माणसांनी हे काम इथे प्रत्यक्ष करून आत्मसात केलं आणि काम संपल्यावर ते कसब घेऊन ती दुसऱ्या धरणांवर गेली. कोणाच्या हातात त्याचा कागद नव्हता.

मग 11 डिसेंबर 1967 ची पहाट. चार वाजून गेले होते, गाव झोपेत होतं. साडेसहाच्या जवळपास तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे 180 माणसं दगावली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली. कोयनानगरमधली ऐंशी टक्क्यांहून अधिक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वीय त्वरणाच्या 5 टक्के धरलेला होता. धरणातल्या यंत्रानं त्या पहाटे धरणाच्या लांबीच्या दिशेनं नोंदवला तो जवळपास 63 टक्के. तरीही धरण उभं राहिलं. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांना, मागचा उतार जिथे बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडवे तडे गेले. ते इपॉक्सीनं भरले, पोलादी केबलांनी ताण देऊन भाग आवळला, आणि पुढे मागच्या बाजूनं काँक्रीटचे भक्कम आधार उभारले.

या एका भूकंपानं देशाच्या अभियांत्रिकीचं पुस्तक बदललं. दख्खनचं पठार स्थिर, इथे मोठा भूकंप होणार नाही, अशी तोवर समजूत होती आणि नकाशातही हा भाग जवळजवळ निर्धोक मानलेला होता. 1970 मध्ये भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस 1893 या मानकाची नवी आवृत्ती निघाली, ‘शून्य’ धोक्याचं क्षेत्र कायमचं रद्द झालं. 2002 आणि 2016 च्या आवृत्त्यांमध्ये कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात आहे, म्हणजे धोक्याच्या उतरंडीत वरून दुसऱ्या. रुरकीत भूकंप अभियांत्रिकीचं संशोधन आणि प्रशिक्षण देणारी शाळा 1960 पासून होतीच. कोयनेच्या नोंदी तिथे आणि जगभर अभ्यासल्या गेल्या. आज अमेरिकेत किंवा जपानमध्ये काँक्रीट धरणाच्या भूकंपविश्लेषणाचा नवा संगणकीय नमुना तपासायचा असला तरी कोयनेचे तडे ही त्याची ठरलेली परीक्षा असते. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा, नाशिकची ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि राज्याच्या अभियंत्यांना घडवणारी तिथलीच ‘मेटा’ ही प्रशिक्षण संस्था, 1960 मध्ये कऱ्हाडला सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचं 1947 पासूनचं वालचंद महाविद्यालय, या सगळ्यांमुळे अभियंता कोयनेचा धडा शिकत गेला. अलीकडे कऱ्हाडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा झाली आणि कोयनेच्या खडकात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन भूकंपाचं मूळ तपासण्याचं काम सुरू झालं.

धडा अभियंत्यापर्यंत पोचला. पण त्या पहाटे माणसं मेली ती धरण फुटून नव्हे, घरं पडून. आणि घरं बांधतो गवंडी.

त्या घरांच्या भिंतीत नेमकं काय होतं ते जवळून पाहायला हवं, कारण शिकवण्याची खरी गोष्ट तिथेच आहे. जुनी दगडी भिंत बाहेरून एकसंध, दीड-दोन फूट जाड आणि अभेद्य दिसते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरच्या अंगाला चांगल्या तोंडाच्या दगडांचा एक पडदा, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत माती, चिपा, हाताला लागेल तो डबर. वरून येणारं वजन ही भिंत शतकभर पेलते. पण जमीन आडवी हलली की दोन्ही पडदे वेगवेगळे हलतात, मधला डबर खाली सरकतो आणि पाचरीसारखा दोघांना बाहेर ढकलतो. आधी भिंतीला पोट येतं, मग बाहेरचा पडदा अंगणात आणि आतला माणसांवर.

यावरचा उपाय एका दगडाचा आहे. भिंतीच्या पूर्ण रुंदीइतका लांब, दोन्ही तोंडांपर्यंत पोचणारा आरपार दगड. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी 1993 मध्ये निघालेलं आयएस 13828 हे मानक सांगतं की उंचीत दर 600 मिलिमीटरला, म्हणजे साधारण दोन फुटांवर, आणि लांबीत 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता असे दगड बसवावेत. भिंत 450 मिलिमीटरहून जाड करू नये. एवढा लांब दगड मिळाला नाही तर तेवढ्याच लांबीचा काँक्रीटचा ठोकळा सळई घालून ओतून घ्यावा. आणि दारं-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींवरून, आतल्या भिंतीसुद्धा न सोडता, सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा. लाकडी पिंपाच्या फळ्यांना लोखंडी कडं जसं एकत्र धरतं, तसा हा पट्टा चारही भिंतींना धरतो. लिंटेल बहुतेक गवंडी टाकतात, पण दारापुरतं, खिडकीपुरतं, सुटं-सुटं. ते सलग केलं तर वाढणारा खर्च घराच्या एकूण खर्चापुढे किरकोळ असतो. इथे दगड कमी पडतो असं नाही, पैसाही फारसा कमी पडत नाही. कमी पडतं ते कारण सांगणारं कोणीतरी.

हे महाराष्ट्राला दुसऱ्यांदा शिकावं लागलं 30 सप्टेंबर 1993 ला, किल्लारीच्या भूकंपात. कोयनेनंतर सव्वीस वर्षांनी तीच पहाटेची वेळ, त्याच दोन पडद्यांच्या भिंती, आणि वर मातीच्या जाड थराचं माळवद. मेलेल्यांचा आकडा हजारोंच्या घरात गेला. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं राज्यानं जो पुनर्वसनाचा कार्यक्रम राबवला त्यातल्या नव्या गावांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातला दुसरा भाग मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. जी घरं पडली नव्हती पण कच्ची होती, अशी लाखाहून अधिक घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. एवढी घरं कुठलाही ठेकेदार करू शकत नव्हता. त्यामुळे गावोगावच्या गवंड्यांना हे तंत्र दाखवावं लागलं. उभ्या भिंतीत काळजीपूर्वक भोक पाडायचं, त्यात आकडा असलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे बांधलेल्या भिंतीतही आरपार दगडाचं काम होतं. माळवदावरची जादा माती उतरवायची. लाकडी खांब आणि तुळया यांच्या सांध्यांना तिरके आधार द्यायचे. आणि ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या कामातून गावातल्या बायकाच संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. घरमालकाला काय करायचं ते समजावणं, झालेलं काम बघणं, पैसे कुठे गेले ते विचारणं, हे त्या करू लागल्या. यातून एक गोष्ट सिद्ध झाली. गवंडी एकटा शिकून भागत नाही, घरमालकही शिकावा लागतो. आरपार दगड घालायला वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे मालकानं दिले नाहीत तर शिकलेला गवंडीसुद्धा जुन्या सवयीवर येतो.

दोन्ही भूकंपांनंतर लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला. दोष सांधणीचा होता, आळ आला दगडावर. आता पाटण तालुक्यातल्या वाडीवस्तीवरसुद्धा कॉलम-बीमची घरं दिसतात आणि ‘आरसीसी आहे, काही होत नाही’ असं लोक निर्धास्तपणे सांगतात. हा निर्धास्तपणा मला काळजीचा वाटतो. काँक्रीटच्या घरातही चुका होतात, फक्त त्या प्लास्टरखाली झाकल्या जातात.

रिंगेचंच घ्या. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या चौकोनी रिंगा बांधतात त्यांची दोन टोकं एका कोपऱ्यात येऊन मिळतात. बहुतेक साइटवर ही टोकं काटकोनात, 90 अंशांत वळवलेली दिसतील. वाकवायला सोपं, सळयांवरून सरकवायलाही सोपं. भूकंपात कॉलम हेलकावतो तेव्हा सळईबाहेरचं काँक्रीटचं कव्हर आधी फुटून पडतं. कव्हर गेलं की काटकोनातलं टोक उघडतं, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. काँक्रीटच्या भूकंपरोधक कामाचं आयएस 13920 हे मानक म्हणतं की टोक 135 अंशांत वळवा, म्हणजे ते कॉलमच्या गाभ्यात आत शिरेल आणि वळणापुढे निदान 65 मिलिमीटर सळई ठेवा. असं टोक कव्हर गेल्यावरही गाभ्यात रुतून राहतं. फरक 45 अंशांचा. सळई तीच, माणूस तोच, रिंगेमागे काही सेकंद जादा. दिवसभर रिंगा वाकवणाऱ्या माणसाला एकदा एक छोटा कॉलम दोन्ही प्रकारांनी करून, तो मोडून दाखवला, तर तो पुन्हा काटकोनात वाकवायला धजणार नाही असं मला मनापासून वाटतं.

पाण्याचीही तीच गत. 50 किलोच्या सिमेंटच्या गोणीला 25 लिटर पाणी धरलं तर प्रमाण अर्धं होतं. माल जरा घट्ट वाटतो, थापायला जड जातो, म्हणून कोणीतरी आणखी दहा लिटरची बादली ओततं. प्रमाण 0.7 वर जातं आणि काँक्रीटची ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं उतरू शकते. कोयनेत तर वाळू किंवा क्रश सँड पावसानं आधीच भिजलेली असते. तिच्यातलं पाणी मोजून तेवढं कमी घालावं लागतं. पुन्हा हल्ली बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट राख किंवा स्लॅग मिसळलेलं असतं, त्याला निदान दहा दिवस पाणी मारावं लागतं. साध्या सिमेंटला सात दिवस चालायचे, म्हणून अजूनही सातव्या दिवशी पाइप गुंडाळला जातो.

हे सगळं शिकवायची सोय आहे का? कागदावर पाहिलं तर बऱ्यापैकी आहे. देशात आयटीआयची योजना 1950 पासून आहे, शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे, महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. त्यांत गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, ड्राफ्ट्समन आहे, सर्वेअर आहे, प्लंबर, वायरमन, वेल्डर आहेत. पण दहावीनंतर आयटीआयला जाणारा पोरगा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर मागतो. गवंडीकामाला तो नाक मुरडतो आणि त्याचे आईबापही. उलट जो खरोखर गवंडी होणार असतो तो दहावीच्या आतच शाळा सोडून साइटवर गेलेला असतो. ज्याच्यासाठी वर्ग आहे तो तिथे पोचत नाही.

त्याच्यासाठी गेल्या काही वर्षांत वेगळे रस्ते निघाले. अंगी असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची पद्धत केंद्राच्या कौशल्य योजनेत 2015 नंतर आली. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत गवंडी आहे: पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये भत्ता, 15,000 रुपयांपर्यंतची अवजारं, आणि पुढे पाच टक्के व्याजानं कर्ज. त्याच वर्षी 19 ऑक्टोबरला महाराष्ट्रात 511 ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. अवजारं आणि कर्ज या गोष्टी उपयोगाच्या आहेतच. पण पाच दिवसांत हात बदलत नाही. शिवाय कसलेल्या गवंड्याचा रोज 500 रुपयांपेक्षा जास्त असतो, तेव्हा शिकायला येणं म्हणजे त्याला खिशातून पैसे घालणं. यातले बरेच दाखले कसब वाढवण्यापेक्षा आहे त्या कसबावर शिक्का मारतात. शिक्क्यालाही किंमत आहे, ती मी नाकारत नाही. पण कोयनेला त्याहून जास्त हवं आहे.

मला सर्वांत पटलेली पद्धत प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातली आहे. तिथे गवंड्यांचं प्रशिक्षण 45 दिवसांचं असतं आणि ते खऱ्याखुऱ्या घरावर होतं. घरकुल मंजूर झालेल्या एखाद्या कुटुंबाचं घर हाच वर्ग. पायाची आखणी, जोतं, भिंत, लिंटेल, छप्पर, सगळं शिकाऊ गवंडी आपल्या हातानं करतात, शेजारी अनुभवी प्रशिक्षक उभा असतो, शेवटी परीक्षा होते, आणि त्या कुटुंबाला घर मिळतं. यात शिकणाऱ्याच्या हातून एक पूर्ण काम होतं, चूक झाली तर तिथेच पाडून पुन्हा बांधलं जातं. जुन्या मिस्त्रीकडच्या शिकण्यातलं जे चांगलं ते यात आहे आणि त्यात जे नव्हतं ते ‘का’ सुद्धा आहे. कोयनेच्या भागात हे वर्ग जानेवारी ते मे या काळात लावले, घराच्या नमुन्यात आरपार दगड, सलग पट्टा आणि 135 अंशांची रिंग सक्तीची केली, आणि शिकाऊ माणसाला त्याचा बुडालेला रोज पूर्ण दिला, तर काही वर्षांत वाडीवाडीत एकेक जाणता गवंडी उभा राहील. पैशाचं निमित्त सांगू नये. मोठ्या बांधकामांवर 1996 च्या कायद्यानं सुरू झालेला, खर्चाच्या एक टक्का उपकर घेतला जातो तो बांधकाम कामगारांसाठीच, आणि राज्याचं कल्याणकारी मंडळ त्यावरच चालतं. त्या पैशाचा ठळक हिस्सा कामगाराचं कसब वाढवण्यावर जायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

ज्या कामात धोका डोळ्यांना दिसतो तिथे आपण शिकवण्याची हयगय केलेली नाही, हेही कोयनाच सांगते. पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे, पहिलं जनित्र 1962 मध्ये फिरलं, आणि टप्प्याटप्प्यानं प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉटपर्यंत गेली. चौथ्या टप्प्यासाठी 13 मार्च 1999 ला कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी जो स्फोट झाला तो आशियातला पहिला लेक टॅपिंगचा प्रयोग मानला जातो. धरण रिकामं न करता खालून पाणी घ्यायचं होतं. त्यासाठी बोगदा जलाशयाच्या तळाखालपर्यंत खोदत न्यायचा आणि शेवटी बोगदा व पाणी यांच्यामध्ये खडकाची एक बुचासारखी जाडी ठेवायची. पुढचा खडक कसा आहे ते आधी लांब, बारीक भोकं पाडून चाचपायचं, पाणी झिरपलं तर दाबानं सिमेंट भरून ते अडवायचं, खाली दगडांचा चुरा झेलायला खड्डा करून ठेवायचा, आणि मग एकाच स्फोटात ते बूच उडवायचं. डोक्यावर अख्खा जलाशय असताना त्या तोंडाशी ड्रिल धरणाऱ्या माणसाला वीतभर चूक परवडत नव्हती. तंत्र नॉर्वेतलं, तिथे अशी शेकडो कामं झालेली. पण 25 एप्रिल 2012 ला दुसरं टॅपिंग झालं तेव्हा पहिल्याचा अनुभव असलेली आपली माणसं हाताशी होती.

बोगद्यात सुरुंग भरणाऱ्याला शॉटफायररचा परवाना लागतो, तो नसेल तर त्याला स्फोटकाला हात लावू देत नाहीत. वायरमनलाही परवाना लागतो. ट्रक चालवणाऱ्याला लागतो. भूकंपाच्या पट्ट्यात दोन मजली घर बांधणाऱ्याला काहीच लागत नाही. गवंड्यावर उद्या परवान्याची सक्ती करावी असं मी म्हणत नाही. तसं झालं तर गरिबाची रोजी जाईल आणि दाखले विकायची दुकानं उघडतील. पण सरकारी कामावर, म्हणजे शाळाखोली, अंगणवाडी, घरकुल यांवर, निदान मुख्य मिस्त्री प्रशिक्षित असावा आणि त्याला त्याचा वाढीव रोज मिळावा, ही अट घालायला काहीच हरकत नाही. दाखल्याला पैसे चिकटले की लोक शिकायला आपण होऊन येतात.

जर्मनीत गवंडी व्हायला तीन वर्षं उमेदवारी करावी लागते, काही दिवस साइटवर आणि काही दिवस शाळेत, आणि पहिल्या दिवसापासून पगार. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रानं तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. चांगली गोष्ट आहे. मात्र आपल्याकडेही कुशल हातांना काम कमी नाही. खंबाटकीचा नवा बोगदा आपल्याच सातारा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर पंप्ड स्टोरेजचे प्रकल्प आखले जात आहेत, आणि त्यांना लागणारी माणसं म्हणजे ड्रिलर, शॉटक्रीट मारणारे, रॉकबोल्ट बसवणारे, ग्राउटिंग करणारे. कोयनेसाठी ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांची पुढची पिढी अजून पुनर्वसनासाठी झगडते आहे. या कामांत त्या मुलांना फक्त बिगारी म्हणून घेतलं जाऊ नये, काम सुरू होण्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी त्यांना शिकवायला सुरुवात व्हावी. बोगद्याचा ठेका सुटल्यावर वर्ग उघडून उपयोग नसतो, तोवर बाहेरची तयार टोळी आलेली असते.

बायकांचं तर वेगळंच दुखणं आहे. साइटवर निम्मं ओझं त्या वाहतात आणि आयुष्यभर बिगारीच राहतात. करणी त्यांच्या हाती क्वचितच दिली जाते. झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानात शौचालयं बांधायला बायकांना गवंडीकाम शिकवलं, तिथे त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणतात. पाटणच्या डोंगरात पुरुष मुंबई-पुण्याला गेलेले आणि घर सांभाळायला बायका मागे, अशी वाड्यावाड्यांची स्थिती आहे. तिथे गवंडीकाम शिकलेली बाई गावातच राहील, तिचं कसब गावातच राहील. किल्लारीच्या वेळी जे संवादापुरतं झालं ते इथे करणीपर्यंत न्यावं.

कऱ्हाड आणि सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे प्रयोगशाळा आहेत, भूकंपाचा विषय शिकवणारे प्राध्यापक आहेत, ठोकळा फोडून ताकद मोजायचं यंत्र आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे यंत्र गवंड्यांसाठी चालवावं. आपल्याच हातानं कालवलेल्या मालाचे दोन ठोकळे, एक मोजक्या पाण्याचा आणि एक बादलीभर जास्तीचा, अठ्ठावीस दिवसांनी आपल्या डोळ्यांसमोर फुटताना पाहिले की व्याख्यानाची गरज उरत नाही. ग्रामसेवकानं बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी नव्वद दिवस कामाचा दाखला देताना त्याच माणसाला जवळच्या वर्गाची माहिती द्यावी. आणि तुम्ही या दिवाळीनंतर घर काढणार असाल तर मिस्त्रीशी रोज ठरवायच्या आधी त्याला तीन गोष्टी विचारा: लिंटेल चारही भिंतींवरून सलग घेणार का, रिंगेचं टोक किती अंशांत वळवणार, आणि एका गोणीला पाणी किती लिटर घालणार. उत्तर नीट आलं तर त्यासाठी लागणारा जादा रोज घासाघीस न करता द्या.